देव कुठल्या शिफ्टला?

आमच्या वाचनालयात पुस्तक वाचण्यापेक्षा ते परत करणं अवघड आहे. पुस्तक फाटलेलं असो, पानांना हळद लागलेली असो, महिनाभर उशीर झालेला असो, भाऊ त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. पुस्तक हातात घेतात, चष्म्यावरून आपल्याकडे बघतात आणि विचारतात, "देवाचं काय झालं?"

पहिल्यांदा हा प्रश्न माझ्या वाट्याला आला तेव्हा माझ्याकडे एक रहस्यकथा होती. बंगल्यात खून, माळ्यावर संशय आणि शेवटी खुनी निघतो घरचा वकील. मी म्हटलं, "भाऊ, ह्यात देव नाहीच आहे."

"नीट वाचलंस का?"

"एका बैठकीत वाचलं."

"एका बैठकीत देव सापडतो व्हय? वकिलाला पकडल्यावर तो काय म्हणाला?"

"'अरे देवा' म्हणाला बहुतेक."

"आणि खून करायच्या आधी?"

"आधी तो रोज शंकराच्या देवळात जायचा. पहिल्याच प्रकरणात आहे."

"मग? रोज जायचा तेव्हा देव त्याचा भागीदार होता. पकडल्यावर साक्षीदार झाला. येवढा देव बदलला नि तू म्हणतेस, देव नायच." मग त्यांनी शिक्का मारला आणि मला पुढचं पुस्तक दिलं. भाऊ आणि मी एकच पुस्तक वाचलं होतं का, याचा विचार करत मी जिना उतरले.

भाऊ म्हणजे भालचंद्र म्हात्रे. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात आमची इमारत आहे, तिथे आमच्या शेजारचा ब्लॉक त्यांचा. सगळी नोकरी त्यांनी एका केमिकल कंपनीत केली. तिथल्या यंत्रांच्या घरघरीत ओरडून बोलायची जी सवय लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. भाऊ दुधवाल्याला "आज अर्धाच लिटर" म्हणाले की वरच्या मजल्यावरच्या बाईसुद्धा मनात हिशेब करतात की म्हात्र्यांकडे आज पाहुणे नाहीत. अशा माणसाला वाचनालयात कुणी बसवलं, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. संध्याकाळी फुकट बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. 'शांतता राखा' ही पाटी त्यांच्या डोक्यावरच टांगलेली आहे आणि ती वाचायला मान वर करावी लागते म्हणून असेल, भाऊंनी ती कधी वाचलेली नाही.

कंपनीनं त्यांना आवाज दिला तसं तत्त्वज्ञानही दिलं. भाऊंच्या मते प्रत्येक कादंबरी तीन शिफ्टांत चालते. "फर्स्ट शिफ्टला देव टायमावर हजर," ते सांगतात. "माणूस म्हणतो नोकरी दे, पोरगी दे, नि देव देतो. नाय दिलं तरी माणसाला वाटतं, देईल. सेकंड शिफ्टला बिघाड होतो. कोण मरतं, कोण पळून जातं. माणूस हाका मारतो, तर देव जाग्यावर नाय. कार्ड पंच झालंय, पण साहेब कँटीनला. खरी गंमत नाइट शिफ्टला. तेव्हा देव येतो का? आला तर तोच येतो, का कुणी बदली कामगार पाठवतो?"

म्हणून एखादं पुस्तक अर्धं वाचून झालं असेल आणि भाऊ रस्त्यात भेटले, तर ते आपली खुशाली विचारत नाहीत. "देव कुठल्या शिफ्टला हाय?" असं भर बाजारात विचारतात. रोह्याच्या मंडईत एकदा मी भाजी घेत असताना पलीकडून हा प्रश्न आला आणि मी "सेकंडला" असं उत्तर दिलं. भाजीवाली पोरगी कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली.

वाचकांनी यावर आपापले उपाय काढले. प्राथमिक शाळेतल्या एक बाई फक्त प्रेमकथा न्यायच्या. त्या जिन्यात थांबून शेवटची चार पानं पुन्हा चाळायच्या आणि मगच वर यायच्या. एक गृहस्थ घाबरून पाककृतींच्या पुस्तकांकडे वळले, कारण तेवढ्या विभागाला भाऊंनी सूट दिली होती. कॉलेजातल्या एका मुलीनं मात्र बाणेदारपणे सांगितलं, "ह्यातला नायक नास्तिक आहे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्याला देव नाहीये." भाऊ खूश झाले. म्हणाले, "ते ठीक. पण पहिल्या पानावर जेवढा नव्हता, तेवढाच शेवटी नाय? का जास्त नाय झाला?" ती मुलगी पुस्तक तसंच परत घरी घेऊन गेली.

एकदा वाचनालयाच्या वर्धापनदिनाला एक कादंबरीकार आले होते. व्याख्यान झालं, टाळ्या झाल्या, आभार मानायला भाऊ उभे राहिले. आभार राहिले बाजूला. भाऊंनी विचारलं, "साहेब, तुमच्या नायकानं अर्ध्या पुस्तकात देव सोडला. आईची पोथी बांधून माळ्यावर टाकली. मग शेवटी बहिणीच्या लग्नात त्यानं नारळ फोडला तो कुणापुढं?" अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. लेखक भला माणूस होता. म्हणाला, "खरं सांगू? तिथे काय करावं ते मला सुचलं नाही. लग्न होतं, म्हणून फोडला नारळ." भाऊंनी स्टेजवरच त्याला मिठी मारली. नंतर त्याला घरी नेऊन पेणचे पोह्यांचे पापड खाऊ घातले आणि एक पुडकं बरोबर बांधून दिलं. "हा माणूस लबाडी करीत नाय," असं ते पुढे कित्येक दिवस सांगत होते.

एवढं ऐकल्यावर वाटेल, भाऊ मोठे देवभक्त असतील. भाऊंनी देवापुढे हात जोडलेले मी कधी पाहिले नाहीत. "देव ह्या विषयाला मी बाहेरून बसलोय," असं ते म्हणायचे. त्यांच्या घरी गणपती यायचा त्यातलं मूर्ती उचलून आणणं आणि उचलून विसर्जनाला नेणं, एवढंच खातं त्यांच्याकडे होतं. बाकी देवाचं सगळं खातं हिराकाकींचं.

हिराकाकी म्हणजे भाऊंच्या पत्नी. माहेर पेणच्या खाडीकाठचं, घरचं मिठागर. लहानपणी पेणला मामाकडे राहिल्या आणि तिथल्या गणपतीच्या कारखान्यात शिकल्या ती डोळ्यांची आखणी. मूर्तीचं सगळं रंगकाम झालं की शेवटी कुंचल्याच्या टोकानं डोळे काढायचे. हे काम कारखान्यात दोघातिघांनाच येतं, आणि ज्याला येतं त्याचा मान मोठा असतो. लग्न होऊन रोह्याला आल्यावरही काकींनी ते सोडलं नाही. मी नोकरीसाठी पेणला जाते, त्यामुळे वर्षानुवर्षं सकाळच्या गाडीला आम्ही शेजारी बसायचो. कासू स्टेशन गेलं की काकी डबीतून काजळ काढल्यावर पुसावीत तशी बोटं पुसायच्या आणि म्हणायच्या, "आता बोलू नको गो माझ्याशी. हात थंड व्हायला पायजे." मग पेणपर्यंत आम्ही गप्प.

गाडीतली ती तेवढी दहा-पंधरा मिनिटं सोडली तर काकी गप्प बसायच्या नाहीत. माणूस नसेल तर देवाशी बोलायच्या. मंत्र नाहीत, स्तोत्र नाही. जावेशी बोलावं तसं. "आज वालाला मोड आले नाय बघ." "तुला जास्वंद नाय मिळालं, पावसानं गेलं, रागावू नको." "ह्यांना सांग जरा, भिजलेला टॉवेल पलंगावर टाकतात." आमच्या दोघांच्या स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत आहे. म्हात्र्यांच्या घरातल्या बातम्या मला काकींनी सांगितल्या त्यापेक्षा त्या देवाला सांगत असताना जास्त कळल्या.

मग काकींची दृष्टी गेली. काचबिंदू. तो कडेनं हळूहळू खात येतो आणि माणसाला पत्ता लागू देत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गेली ती परत येत नाही, आणि उरली होती तीही टिकली नाही. हॉस्पिटलातून आल्यावर काकी देवघरासमोर बसल्या. मी तिथे होते. त्यांनी हात जोडले नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी तुला डोळे दिले नि तू माझे नेलेस. आता तुझं माझं बोलणं नाय."

आणि खरंच बोलणं संपलं. श्रावणात घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, म्हणजे त्या पाटाच्या मापानं आपली मूर्ती ठेवतात, ही आमच्याकडची पद्धत. काकींनी पाट दिला नाही. कासूला भाऊंचा पुतण्या असतो, तो येऊन म्हणाला, गणपती आमच्याकडे आणतो, कुळाचार मोडायला नको. काकी म्हणाल्या, "ने." त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. स्वयंपाकघरातली भिंत मुकी झाली. भाऊंचा मोठा आवाज तेवढा ऐकू यायचा आणि त्याला उत्तर यायचं ते एका शब्दाचं.

त्यानंतरच भाऊ कादंबऱ्या वाचायला लागले. तोवर ते वाचनालयात बसून पेपर वाचत. आता रोज दुपारी जेवणं झाली की ते काकींना पुस्तक वाचून दाखवू लागले. आवाज कंपनीचा, त्यामुळे अख्ख्या जिन्याला कथाश्रवण घडायचं. मी सुट्टीच्या दिवशी कपडे वाळत घालता घालता ऐकायची.

असंच एकदा ऐकत असताना मी चिमटा हातात धरून थांबले. भाऊ वाचत होते ती कादंबरी मीच त्यांना सुचवली होती. त्यातली बाई नवऱ्याला सोडून परगावी जाते आणि शेवटी एसटी स्टँडवर एकटी बसून वडापाव खाते, तिथेच पुस्तक संपतं. भाऊंनी वाचलं तसं ती स्टँडवरून उठली, डोंगरावरच्या देवळात गेली, तिनं घंटा वाजवली आणि म्हणाली, "देवा, माझं चुकलं."

मला वाटलं, नवीन आवृत्ती असेल. पुढच्या आठवड्यात एक अनुवादित कादंबरी होती. बर्फाळ देशातला टपालवाला, जन्मात कुठल्या प्रार्थनेला न गेलेला. तोही शेवटच्या पानावर बर्फ तुडवत देवळात गेला आणि त्यानंही घंटा वाजवली. त्याच्या पुढच्या पुस्तकातला गणिताचा प्राध्यापकही घंटा वाजवून मोकळा झाला.

मी भाऊंना जिन्यात गाठलं. म्हटलं, "भाऊ, लेखकांच्या शिफ्टमध्ये तुम्ही ओव्हरटाइम करताय."

भाऊ आधी हसले. मग कधी नव्हे तो त्यांचा आवाज खाली आला. इतका खाली की मला एक पायरी वर चढावं लागलं.

"तुला सांगतो. घरात बोलणारी दोघं होती. ही नि हिचा देव. मी आपला पेपर वाचत ऐकत बसायचो. आता ती बोलत नाय त्याच्याशी. माझ्याशी काय बोलणार ती? चाळीस वर्षांत सवयच नाय." मग जिन्याचा कठडा चोळत म्हणाले, "मला देवाचं काय पडलेलं नाय. तो असला तर असू दे. पण तिनं परत बोललं पायजे. म्हणून शोधतोय. कुठल्या तरी पुस्तकात असं माणूस असेल, देवाशी भांडलेलं, नि ते परत बोलायला लागतं. खरंखुरं. कसं लागतं ते मला कळलं, तर हिला वाचून दाखवीन. म्हणून तर येईल त्याला विचारतो. अजून सापडलं नाय. मग घंटा वाजवतो मी आपली."

मला हसावं की काय करावं ते कळेना. एवढी वर्षं आम्ही सगळे त्या प्रश्नाची टिंगल करत होतो आणि हा माणूस त्यातून बायकोचा आवाज शोधत होता. मला फार वाईट वाटलं.

यंदाच्या श्रावणातल्या एका रविवारी मी वालाच्या बिरड्याचा डबा घेऊन म्हात्र्यांकडे गेले. दुपारचं वाचन चालू होतं. काकी खिडकीशी खुर्चीत, भाऊ समोर पलंगावर, टॉवेल अर्थात पलंगावरच. मीही बसले. कादंबरी होती एका यमुना नावाच्या बाईची. तिचा नवरा नदीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचा. पुरात होडी उलटून तो जातो. यमुना घरचे देव फडक्यात बांधते आणि त्याच नदीत फेकून येते, आणि पुढे ती स्वतःच होडी चालवायला लागते. शेवट जवळ आला होता.

भाऊंनी घसा साफ केला. "मग यमुना उठली," ते म्हणाले. "देवळात गेली. तिनं घंटा वाजवली नि म्हणाली, देवा, माझं चुकलं."

"काय चुकलं तिचं?" काकींनी विचारलं.

भाऊ दचकले. वाचन चालू असताना काकी कधी बोलत नसत.

"म्हणजे, देव टाकले ना तिनं नदीत."

"नवरा तिचा गेला नि चुकलं तिचं?" काकी म्हणाल्या. "आणि तुम्ही पुस्तक मिटलंय. कधीचा पानाचा आवाज आला नाय. प्रत्येक पुस्तक संपताना तुमचा पानाचा आवाज बंद होतो नि घंटा वाजते. मी आंधळी हाय, बहिरी नाय."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी डब्याच्या झाकणाकडे बघितलं. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती चालू होत नव्हती.

"मग ती काय करील?" भाऊंनी हळूच विचारलं.

"देवळात तर जायचीच नाय. कशाला जाईल? देव नदीत हायत. ती नदीवर जाईल."

"बरं. नदीवर गेली. मग?"

"मग काय? उभी राहून बोलेल."

"काय बोलेल?"

 काकी खुर्चीत सरळ झाल्या.

"म्हणेल, काय रे, बुडलास ना? कसं वाटतं? नाकातोंडात पाणी गेलं की कसं वाटतं, ते कळलं ना आता? तुला रोज अंघोळ घातली, गरम पाण्यानं. तुला जेवू घातल्याशिवाय कधी तोंडात घास घातला नाय. तुला येवढंसं काम सांगितलं, माझा माणूस तेवढा काठाला लाव. तेवढं नाय झालं तुझ्याच्यानं."

त्या थांबल्या. भाऊंनी हातातलं पुस्तक अलगद बाजूला ठेवलं.

"मी तुझ्याशी बोलत नाय, ते तुला कळलं तरी का रे? येवढी वर्षं गेली. एकदा विचारलंस नाय, का गो बोलत नायस? मी तुझे डोळे काढले. श्वास धरून काढले, हात नाय हलू दिला. समोर बसेल त्याला वाटलं पायजे, देव माझ्याकडंच बघतोय, अशी नजर काढली मी तुझी. सगळ्या मुलखाकडं बघतोस. मीच तेवढी दिसले नाय तुला."

यमुना केव्हाच मागे राहिली होती. काकींचा चेहरा लाल झाला होता आणि त्या खिडकीकडे तोंड करून बोलत होत्या.

"शेवटच्या वर्षाला माझ्या हातून एका मूर्तीची नजर तिरपी गेली. मला तेव्हा ठावं नव्हतं, डोळे जातायत माझे. कुणी काय बोललं नाय. मालकानं गुपचूप दुसऱ्याकडून नीट करून घेतली. पण मला समजलं. मी सगळ्यांच्या देखत जाऊन सांगितलं, माझ्याकडनं बिघडली. लाज नाय वाटली मला. येवढ्या मूर्ती हाताखालून जातात, एखादी बिघडते. मला वाटायचं, तुझ्याच्यानं सगळं होतं. नाय ना होत? तुझा पण हात हलतो ना? मग तसं सांग की. माझ्याकडनं बिघडलं हिरा, म्हण. मी काय तुला घराबाहेर काढलं असतं? मी समजून घेतलं असतं. मला नाय तर कुणाला समजणार?"

त्यांना दम लागला होता. पदरानं त्यांनी तोंड पुसलं. मग एकदम साध्या, रोजच्या आवाजात, जसा मी भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकला होता तशा आवाजात म्हणाल्या, "ऐकतोस ना रे?"

"ऐकतोय गो," भाऊ म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"तुम्हांला नाय विचारलं," काकी म्हणाल्या.

"बरं, बरं," म्हणत भाऊ लगबगीनं उठले. त्यांनी मला डोळ्यांनीच आत चल अशी खूण केली. "तुम्ही बोला दोघं. आम्ही चहा ठेवतो."